इलेक्ट्रिक रेंज बिघडली? आधी जोड तपासा

वर चार-पाच शेगड्या, खाली ओव्हन आणि दोन्हींना मिळून एकच जाडजूड केबल, एवढीच इलेक्ट्रिक रेंजची रचना. वॉशिंग मशीन किंवा फ्रिजच्या मानाने हे फार सरळ यंत्र आहे. ओव्हनमधला एखादा पंखा सोडला तर आत काही फिरत नाही. पंप नाही, पाणी नाही. तरीही एखादी शेगडी गार पडली की घरातली माणसं गोंधळतात, कारण ज्योत दिसत नसल्यामुळे नेमकं कुठे अडलंय ते डोळ्यांना कळत नाही. मग अंदाजाने एखादा सुटा भाग आणला जातो, तो बसवूनही काम होत नाही आणि चांगली चालू शकणारी रेंज भंगारात जाते. हे टाळता येतं. वीज कुठून कुठे जाते आणि वाटेत कुठे तापते, एवढं नीट समजलं की निम्मं निदान झालंच.

हवी तिथली उष्णता, नको तिथली उष्णता

तारेतून वीज वाहताना तिला जो अडथळा होतो त्याला रोध म्हणतात आणि या अडथळ्यातूनच उष्णता निर्माण होते. जेम्स जूल या इंग्लिश शास्त्रज्ञाने १८४० च्या सुमारास याचं गणित मांडलं. रोध वाढला तर उष्णता त्याच प्रमाणात वाढते. प्रवाह वाढला तर मात्र त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट.

रेंजमध्ये हा रोध मुद्दाम एका जागी ठेवलेला असतो, तो म्हणजे एलिमेंट. त्यातली तार सहसा नायक्रोमची असते. साधारण ८० टक्के निकेल आणि २० टक्के क्रोमियम असलेल्या या मिश्रधातूचं पेटंट अल्बर्ट मार्श यांना अमेरिकेत १९०६ साली मिळालं. इतर बऱ्याच धातूंची तार हवेत लालभडक तापवली की थोड्याच दिवसांत जळून झिजते. नायक्रोमवर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तोच तारेचं रक्षण करतो. वेटोळ्याच्या शेगडीत ही तार धातूच्या नळीच्या मधोमध असते आणि तार व नळी यांच्यात मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी भुकटी ठासून भरलेली असते. ही भुकटी उष्णता बाहेर जाऊ देते, वीज जाऊ देत नाही. म्हणूनच लाल झालेल्या वेटोळ्यावर धातूचं भांडं ठेवूनही शॉक बसत नाही.

आता नको तिथला रोध पाहू. एलिमेंटपर्यंत वीज पोहोचते ती अनेक जोडांतून: भिंतीतला ब्रेकर (गरज पडल्यास वीज तोडणारा स्विच), केबलचे स्क्रू, रेंजच्या मागची टर्मिनल पट्टी, स्विचवरचे टोकाचे क्लिप आणि शेवटी एलिमेंट जिथे खोचलं जातं ते सॉकेट. चांगल्या जोडाचा रोध नगण्य असतो. पण एखाद्या सैल किंवा गंजलेल्या जोडाचा रोध अर्धा ओहम झाला आणि त्यातून १० अँपिअर प्रवाह गेला, तर त्या नखाएवढ्या जागेत ५० वॉट उष्णता तयार होते. सोल्डरिंगचं हत्यार तेवढ्याच वॉटवर चालतं! त्या उष्णतेने पितळी क्लिपचा ताण जातो, धातूवर काळा थर चढतो, रोध आणखी वाढतो आणि जागा आणखी तापते. लूज कनेक्शन आपलं आपण कधीच सुधारत नाही, ते बिघडतच जातं.

रेंजच्या दुरुस्तीबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर मी हीच सांगेन. एलिमेंट जळालं तर फक्त एलिमेंट बदलून थांबू नका, ते ज्याला जोडलेलं होतं तेही पाहा.

काहीही उघडण्याआधी

नॉब ‘बंद’वर आहे म्हणजे आतल्या वायरींत वीज नाही, असं अजिबात नाही. कित्येक रेंजमध्ये स्विच दोनपैकी एकच वायर तोडतो, त्यामुळे गार असलेल्या एलिमेंटचं एक टोक जिवंत राहू शकतं. म्हणून आधी ब्रेकर पाडा आणि घरातल्या सगळ्यांना तसं सांगून ठेवा. त्यानंतर मल्टीमीटरने (व्होल्ट आणि रोध मोजणाऱ्या मीटरने) खात्री करा, तीही एका ठरावीक क्रमाने: आधी जिथे वीज आहे हे ठाऊक आहे अशा जागी मीटर लावून तो चालतोय ना ते पाहा, मग रेंजच्या टर्मिनलवर तपासा आणि नंतर पुन्हा त्या पहिल्या जागी लावून पाहा. मीटरच बंद पडला असेल तर तो रेंजवर शून्यच दाखवेल आणि त्या शून्यावर भरवसा ठेवून हात घालणं जिवावर बेतू शकतं. दिवा लागणाऱ्या साध्या टेस्टरवर अवलंबून राहू नका.

इंडक्शनच्या शेगड्यांचा प्रकार वेगळा आहे. त्यात तापणारी तार नसते. काचेखालच्या कॉइलमधलं वेगाने बदलणारं चुंबकीय क्षेत्र भांड्याच्या बुडातच उष्णता तयार करतं. आतल्या सर्किटमधले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, वीज तोडल्यावरही काही काळ भारित राहतात, म्हणून ती घरी उघडू नये. हवेच्या जाळीवरची धूळ काढणं आणि भांड्याचं बूड चुंबकाला चिकटतंय का ते पाहणं, एवढंच आपलं काम.

वेटोळ्याची शेगडी तापत नसेल तर

इथे मीटरशिवायही निदान होतं. वेटोळं गार असताना, ब्रेकर पाडून, ते किंचित उचलून सरळ बाहेर ओढलं की सॉकेटमधून निघतं. काही शेगड्यांत ते स्क्रूने बांधलेलं असतं. आता त्याच आकाराच्या दुसऱ्या, नीट चालणाऱ्या शेगडीच्या सॉकेटमध्ये हे संशयित वेटोळं बसवून पाहा. तिथे तापलं तर वेटोळं चांगलं आहे, दोष सॉकेटमध्ये किंवा स्विचमध्ये आहे. तिथेही गारच राहिलं तर वेटोळं गेलं. अदलाबदल याच दिशेने करा. चांगलं वेटोळं बिघडलेल्या जागी नेऊन खोचू नका, कारण तिथलं सॉकेट जळालेलं असेल तर चांगल्या वेटोळ्याच्या पिनाही खराब होतील.

ज्या वेटोळ्याचं आवरण फाटलंय, फुगलंय किंवा ज्यातून पूर्वी ठिणगी उडाली आहे, ते मात्र तपासण्यासाठीसुद्धा पुन्हा लावू नका.

पिना नीट पाहा. त्या चकचकीत किंवा एकसारख्या राखाडी हव्यात. त्यांवर खड्डे, काळे डाग किंवा वितळल्याच्या खुणा असतील तर तिथे ठिणग्या उडत होत्या हे नक्की. अशा वेळी वेटोळं आणि सॉकेट दोन्ही एकदमच बदलायचे. पिना घासून चमकवल्या तर काही दिवस शेगडी चालते, पण सॉकेटच्या आतल्या स्प्रिंगचा गेलेला ताण घासण्याने परत येत नाही. नवं वेटोळं जुन्या जळक्या सॉकेटमध्ये बसवणारे लोक काही महिन्यांत पुन्हा तिसरं आणतात आणि खापर मात्र सुट्या भागाच्या दर्जावर फोडतात.

मल्टीमीटर असेल तर तपासणी आणखी नेमकी होते. वेटोळं बाहेर काढून दोन पिनांमधला रोध मोजा. किती यायला हवा ते गणिताने काढता येतं: व्होल्टचा वर्ग भागिले वॉट. २३० व्होल्टवर २००० वॉटचं एलिमेंट असेल तर सुमारे २६ ओहम, १२०० वॉटचं असेल तर सुमारे ४४ ओहम. गार असताना आकडा काही टक्क्यांनी कमी येतो, त्याची काळजी नको. मीटरने ‘अनंत’ दाखवलं तर आतली तार तुटली आहे. त्यानंतर एक टोक पिनेला आणि दुसरं बाहेरच्या नळीला लावा. इथे अनंतच यायला हवं. कुठलाही आकडा आला तर आतली भुकटी निकामी होऊन तार नळीला टेकली आहे. ते एलिमेंट तापत असलं तरी टाकून द्यायचं.

नॉबच्या मागचा स्विच

मंद आचेवर शेगडी काही सेकंद तापते, मग बंद होते, पुन्हा तापते. अनेकांना हा बिघाड वाटतो, पण बहुतेक साध्या रेंजमध्ये आच कमी-जास्त करण्याची हीच पद्धत आहे. स्विचच्या आत दोन धातूंची एक पट्टी असते. तिला स्वतःचा छोटा हीटर असतो. पट्टी तापली की वाकते आणि वीज तोडते, निवली की सरळ होऊन जोडते. नॉब फिरवल्याने शेगडी एकूण वेळेपैकी किती वेळ चालू राहील ते ठरतं.

या स्विचचे संपर्कबिंदू कालांतराने झिजतात. कधी ते एकमेकांना चिकटून बसतात आणि मग नॉब कुठेही ठेवा, शेगडी पूर्ण आचेवरच धगधगते. हे दिसलं की ब्रेकर पाडायचा आणि स्विच बदलेपर्यंत ती शेगडी वापरायची नाही, कारण नॉब बंद करूनही ती विझेल याची खात्री उरत नाही. स्विच बदलण्याआधी नॉब काढून त्याची आतली बाजू मात्र बघाच. प्लास्टिकच्या नॉबला आतून चीर गेली असेल तर नॉब नुसता गोल फिरतो, दांडा जागचा हलत नाही. तेव्हा फक्त नॉब बदलून भागतं.

काचेचा माथा

काळ्या सपाट काचेच्या रेंजमध्ये काचेखाली उघड्या पट्टीचं एलिमेंट असतं. ही साधी काच नाही, ग्लास-सिरॅमिक आहे. तापल्यावर ती जवळजवळ प्रसरणच पावत नाही, म्हणून एक भाग लालभडक आणि शेजारचा गार असूनही ती तडकत नाही. टोकदार आघात मात्र तिला सोसत नाही, विशेषतः कडेला. वरच्या कपाटातून पडलेली बाटली किंवा आदळलेलं जड भांडं हेच तिचे खरे शत्रू. तडा गेला की ती शेगडी वापरणं तिथेच थांबवायचं. तडा केसाएवढा असला तरी उतू गेलेलं पाणी त्यातून थेट जिवंत एलिमेंटवर जाऊ शकतं.

इथेही पूर्ण आचेवर लाली येते-जाते आणि तेही ठीकच आहे. एलिमेंटवरून एक बारीक दांडी आडवी गेलेली असते, ती काच मर्यादेबाहेर तापली की वीज तोडते. मात्र लाली फार वारंवार जात असेल आणि स्वयंपाक रेंगाळत असेल तर आधी भांड्याचं बूड पाहा. बूड वाकडं असेल तर उष्णता भांड्यात न जाता काचेतच साठते आणि संरक्षक दांडी सारखी आडवी येते. बुडावर पट्टी आडवी धरून फट दिसते का ते बघणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. शेगडी पूर्ण निवल्यावरही ‘गरम आहे’चा दिवा तासन्‌तास विझत नसेल तर त्याच दांडीच्या टोकाचे संपर्क चिकटलेले असतात आणि तो भाग बदलावा लागतो.

साफसफाईबद्दल एक अपवाद आवर्जून सांगायला हवा. बाकी सगळे डाग काच निवल्यावर काढायचे, पण साखर किंवा पाक सांडला तर थांबायचं नाही. साखर निवताना काचेला घट्ट धरते आणि आकसताना काचेचे टवके काढते. शेगडी बंद करून, जाड हातमोजा घालून, लांब दांड्याच्या ब्लेडने ती गरम असतानाच शेगडीवरून बाजूला सरकवावी. ब्लेड नेहमी काचेशी अगदी तिरकं धरा. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांच्या रुपेरी रेघा म्हणजे ओरखडे नव्हेत, तो काचेवर घासून लागलेला धातू असतो आणि काचेसाठीच्या खास क्रीमने निघतो. खिडक्या पुसायचं अमोनियावालं द्रावण आणि तारेची घासणी इथे आणूच नका.

ओव्हन

ओव्हनमध्ये सहसा खाली एक आणि वर एक अशी दोन एलिमेंट असतात. खालचं गेलं तरी ओव्हन पूर्ण गार पडत नाही, कारण आधी तापवताना बऱ्याच ओव्हनमध्ये वरचंही मदतीला चालू होतं. त्यामुळे ‘ओव्हन तापायला फार वेळ घेतो, वरून करपतं आणि खालून कच्चं राहतं’ अशी तक्रार असेल तर पहिला संशय खालच्या एलिमेंटवर घ्या. त्यावर फुगवटा, खड्डा किंवा तडा बहुधा डोळ्यांनीच दिसतो. कधी कधी ते जळताना वेल्डिंगसारखी लखलखती ठिणगी दिसते आणि ती नळीवरून पुढे सरकत जाते. तेव्हा दार उघडू नका, सरळ ब्रेकर पाडा.

बदलणं अवघड नाही. बऱ्याच ओव्हनमध्ये मागच्या भिंतीवरचे दोन स्क्रू काढले की एलिमेंट वायरींसकट थोडं पुढे येतं. त्या वायरी सोडवताच भोकातून मागे निसटतात आणि मग अख्खी रेंज बाहेर ओढावी लागते, म्हणून सोडवण्याआधी त्यांना चिमटा लावून ठेवा. वायरचं टोक काळं, कडक झालेलं असेल तर चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापून नवं, उच्च तापमानाचं टर्मिनल लावायला हवं. घरातली साधी पीव्हीसी वायर साधारण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच चालते आणि इन्सुलेशन टेपही तापून गळून पडते, तेव्हा ही दोन्ही रेंजच्या आत चालत नाहीत.

तापमान चुकतंय असं वाटत असेल तर आधी मोजा. ओव्हनचा वेगळा थर्मामीटर मधल्या जाळीवर ठेवा, १८० अंश लावा आणि ‘तयार’ची शिट्टी वाजल्यावरही आणखी वीस-पंचवीस मिनिटं थांबा. शिट्टी वाजते तेव्हा हवा तापलेली असते, भिंती नाही. मग थोड्या थोड्या वेळाने पाच-सहा आकडे लिहून सरासरी काढा. एकच आकडा पाहून निष्कर्ष काढू नये, कारण ओव्हनचं तापमान ठरवलेल्या आकड्याच्या खाली-वर झुलतच असतं. सरासरी दहा-पंधरा अंशांनीच चुकत असेल तर बऱ्याच इलेक्ट्रॉनिक ओव्हनमध्ये ती दुरुस्त करण्याची सोय पॅनेलवरच असते. माहितीपुस्तिकेत बटणांचा क्रम दिलेला असतो.

फरक मोठा असेल तर सेन्सर तपासा. मागच्या भिंतीतून आत आलेली पेन्सिलीसारखी बारीक दांडी म्हणजे तो. अनेक ओव्हनमध्ये त्यात प्लॅटिनम असतं आणि त्याचा रोध शून्य अंशाला १००० ओहम, खोलीच्या तापमानाला सुमारे १०९० ओहम भरतो. १७५ अंशांना तो १६६० च्या आसपास जातो. वीज तोडून, प्लग सोडवून मोजलेला आकडा याच्याशी जुळला तर सेन्सर ठीक आहे आणि बघायचा तो त्याचा प्लग, म्हणजे पुन्हा जोडच. जुन्या ओव्हनमध्ये सेन्सरऐवजी द्रव भरलेली तांब्याची बारीक नळी असते. ती क्लिपमधून निसटून भिंतीला टेकली की हवेऐवजी भिंतीचं तापमान वाचते. ती परत क्लिपमध्ये बसवली की काम झालं.

दाराची रबरी किंवा विणलेली पट्टी तपासायला कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. थोडा अटकाव जाणवायला हवा. खालच्या कडेला काही ओव्हनमध्ये पट्टी मुद्दामच नसते, तिला फाटलेली समजू नका.

स्वतःला साफ करणाऱ्या ओव्हनबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ती सोय कमीत कमी वापरावी. त्या चक्रात आतलं तापमान ५०० अंशांच्या जवळ जातं, चिकटलेलं सगळं जळून राख होतं, आणि त्याच उष्णतेत थर्मल फ्यूज (फार तापल्यावर वीज तोडणारा भाग), दाराचं कुलूप आणि पॅनेलचं सर्किट यांचीही कसोटी लागते. त्या चक्रानंतर ओव्हन मुकाट बंद पडल्याच्या तक्रारी नेहमीच्या आहेत. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी तर हे करूच नये. वापरायचंच असेल तर जाळ्या बाहेर काढा, तळाशी साठलेलं तूप-तेल आधी पुसून घ्या, खिडक्या उघडा आणि घरात पिंजऱ्यातले पक्षी असतील तर त्यांना दुसरीकडे न्या. त्या धुराने पक्षी मरू शकतात. एरवी कोमट पाणी, खायचा सोडा आणि थोडा धीर यांवर काम होतं. तळाशी अ‍ॅल्युमिनियम फॉइल अंथरणं हा मात्र खोटा शॉर्टकट आहे. त्याने हवेची वाट अडते, तळाखालचं एलिमेंट जास्त तापतं आणि फॉइल तळाच्या इनॅमलला (चकचकीत लेपाला) कायमचं चिकटू शकतं.

ब्रेकर पडतो, किंवा निम्मीच रेंज चालते

ब्रेकर पडत असेल तर सगळे नॉब बंद करून एकेक शेगडी लावत जा. ठरावीक शेगडी लावताच पडला तर त्या एलिमेंटमध्ये किंवा त्याच्या वायरीत शॉर्ट आहे. दोन-तीन शेगड्या बराच वेळ चालल्यावर पडत असेल तर ब्रेकरजवळचा सैल स्क्रू किंवा थकलेला ब्रेकर असण्याची शक्यता मोठी, आणि ते काम इलेक्ट्रिशियनचं. पडलेला ब्रेकर पुन्हा पुन्हा उचलून पाहू नका. खूप महिने न वापरलेला ओव्हन लावताच गळती ओळखणारा ब्रेकर पडला तर घाबरून जाऊ नका. एलिमेंटमधली मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी हवेतला ओलावा शोषून घेते आणि गळती त्यामुळेही होते. इलेक्ट्रिशियन मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) ती मोजून एलिमेंट वाळवायचं की बदलायचं ते सांगेल.

घड्याळ लागतंय, दिवा लागतोय, पण काहीच तापत नाही, किंवा दोन शेगड्या चालतात आणि दोन गार? अशा वेळी एलिमेंटमागे लागू नका. रेंजला वीज बहुधा दोन किंवा तीन जिवंत वायरींनी येते आणि त्यातली एक तुटली की नेमकं असंच होतं. जोडीचा ब्रेकर एकदा पूर्ण खाली पाडून परत वर करा. तरी फरक पडला नाही तर ब्रेकर पाडून रेंज पुढे ओढा आणि मागचं झाकण काढून टर्मिनल पट्टी पाहा. काळवंडलेला स्क्रू, वितळलेलं प्लास्टिक, जळका वास यांपैकी काही दिसलं तर पट्टी आणि केबलचं टोक दोन्ही बदलून घ्यायला हवं. सगळं स्वच्छ दिसलं तरी स्क्रू घट्ट आहेत ना ते पाहा.

रेंज परत भिंतीकडे सरकवताना केबल पायाखाली चिमटत नाही ना ते पाहा आणि मागचा पाय जमिनीला किंवा भिंतीला बांधलेल्या पट्टीत पुन्हा अडकवा. ही पट्टी साधी दिसते, पण ओव्हनच्या उघड्या दारावर मूल चढलं किंवा जड भांडं ठेवलं तर अख्खी रेंज उकळत्या भांड्यांसकट पुढे कलंडू नये म्हणून ती असते. ती अडकली आहे का ते पाहायला रेंजची मागची कड किंचित पुढे ओढून बघा. थोड्याशा हालचालीनंतर ती अडली पाहिजे. अडली नाही, किंवा पट्टीच बसवलेली नसेल, तर तेवढं काम आधी करून घ्या आणि मगच ब्रेकर वर करा.